दिवेलागणीनंतरचे पक्षी : तुमचे अनुभव लिहा

उन्हाळा लागला की मी पहाटेऐवजी संध्याकाळी पक्षी बघायला निघतो आणि अंधार पडल्यावरही थांबतो. तुम्हीही थांबत असाल, तर काय दिसलं, काय ऐकू आलं ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करतो.

माळाच्या कडेला बसलो होतो. वेडे राघू झाडावर परतले, उजेड विझत आला आणि समोरच्या पाचोळ्याचा एक तुकडा उडाला! रातवा. पिसांचा रंग असा, की इतका वेळ समोर असून दिसला नव्हता. पंख न वाजवता तो किडे टिपत फिरला, मग वाटेवर बसून ‘चक चक चक’ सुरू केलं. रातवा घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. म्हणून या दिवसांत पायवाट सोडू नका, ही कळकळीची विनंती.

*

माझा अनुभव टिटवीचा. लेकीला घेऊन पाणवठ्याजवळ गेले होते. एक टिटवी पाण्यात उतरून पोट भिजवायची आणि दगडगोट्यांत जाऊन बसायची. ओल्या पिसांनी अंडी गार ठेवत होती ती! आम्ही दुर्बिणीतूनच बघितलं, जवळ गेलो नाही. अंधार पडल्यावर पिंगळ्यांची जोडी ढोलीबाहेर येऊन कलकलाट करू लागली, तेव्हा लेक घरी यायलाच तयार नव्हती.

*

ताई, टिटवीचं वाचून फार छान वाटलं. मी गव्हाणी घुबडासाठी जातो. टॉर्च बंद ठेवतो. डोळे अंधाराला नीट सरावायला अर्धा तास लागतो आणि एका झोतात सगळं वाया जातं. या घुबडाचे कान वर-खाली असतात, त्यामुळे आवाज नेमका कुठून आला हे त्याला कळतं आणि मिट्ट काळोखातही उंदीर सापडतो. माझ्या डोक्यावरून गेलं तेव्हा पंखांचा आवाज अजिबात आला नाही. नंतरची किंचाळी मात्र अंगावर काटा आणणारी.

*

मोबाइलवर आवाज लावून पक्ष्यांना बोलावू नका. विणीच्या काळात ते अंडी-पिल्लं सोडून धावून येतात.

*

चांदण्या रात्री रातवे जास्त वेळ ओरडतात असं मला जाणवलंय. अमावास्येच्या आसपास कुणी ऐकलेत का? वेळेसकट लिहा.