मदत हवी आहे: घर खाली, रस्ता वर, नवे प्रवेशद्वार कसे करावे?

कातळवाट:
राजापूर तालुक्यातील आमच्या चिरेबंदी घराला आजवर खालच्या पाखाडीनेच (पायऱ्यांच्या वाटेनेच) वाट आहे. आई ७८ वर्षांची असून तिला त्या ४२ पायऱ्या आता चढवत नाहीत, म्हणून मागीलदारी वरून गेलेल्या रस्त्याकडून नवे प्रवेशद्वार काढायचे आहे. रस्ता जोत्यापेक्षा आठ फूट उंच आहे. गवंडी रॅम्प करू म्हणतात, शेजारी पायऱ्या सुचवतात. पावसाला पाच आठवडे उरले आहेत. काय करावे ते कृपया लवकर सांगावे.

मृदगंध:
रस्त्याच्या कडेपासून भिंतीपर्यंतचे आडवे अंतर आपण लिहिलेले नाही, आणि सगळे त्यावरच ठरणार आहे. एकास बारा असा उतार धरला, तर आठ फुटांसाठी ९६ फूट लांबीचा रॅम्प लागतो. आई चाकांच्या खुर्चीवर आहेत का?

कातळवाट:
अंतर २२ फूट आहे. आई काठी घेऊन चालते.

जुना चिरा:
मग साकव (छोटा पूल) घाला. आमच्याकडे रस्त्यावरून थेट माळ्यावर लोखंडी साकव नेला आहे. डोंगर खणावा लागला नाही आणि पाणी खालून मोकळे वाहते.

मृदगंध:
साकवाने आई माळ्यावर पोहोचतील, पण खाली यायला माळ्याचा उभा जिना उतरावा लागेल. त्यापेक्षा सहा इंच उंचीचे १६ टप्पे घ्या, पायरी एक फूट रुंद ठेवा आणि मध्ये चार फुटांचा विसावा द्या. १६ टप्प्यांमध्ये १५ पायऱ्या येतात, त्यांतली एक हा विसावा, म्हणून १४ आणि चार मिळून हे सारे १८ फुटांत बसते आणि दारापुढे चार फूट उरतात. दोन्ही बाजूंना कठडा हवाच.

जुना चिरा:
आमचा जिना रुंद आहे, त्यामुळे अडचण आली नाही. साकवाचा विचार अवश्य करावा.

शुभंकर:
नवे दार दक्षिणेला येत नाही ना, हे आधी पाहावे.

परसदार:
दिशेपेक्षा पाण्याचा प्रश्न मोठा आहे. आम्ही अशाच पायऱ्या केल्या आणि पहिल्याच मोठ्या सरीत रस्त्याचे तांबडे पाणी एकेक पायरी उतरत उंबऱ्यावरून स्वयंपाकघरात आले. चुलीपाशी बोटभर गाळ साचला होता. दारापुढच्या त्या चार फुटांत भिंतीला समांतर जाळीचे गटार घ्या, फरशीचा ढाळ घरापासून गटाराकडे ठेवा आणि पाणी बाजूने खाली सोडा. वर रस्त्याच्या कडेचे गटार बुजवू नका. त्यात मोरी (पाणी खालून जाऊ देणारी नळी) टाका आणि त्यासाठी रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी घ्या. पायऱ्यांचे चिरे घासून गुळगुळीत करू नका, कारण श्रावणापर्यंत त्यांवर शेवाळ धरते.

मृदगंध:
खणलेल्या बाजूच्या भिंतीबद्दलही लिहा. काँक्रीटची केली, तर मागे खडीचा थर आणि पाणी झिरपायला भोके ठेवावी लागतील, नाहीतर भिजलेल्या मातीचा दाब ती भिंत पुढे ढकलतो.

परसदार:
कोरडा गडगाही (सिमेंटशिवाय रचलेली दगडी भिंत) चालेल, पाणी फटींतून आपोआप निघते.

मृदगंध:
आठ फुटांचा कोरडा गडगा जुन्या हाताच्या माणसाशिवाय रचू नये.

कातळवाट:
आज मागील भिंत नीट पाहिली. जोत्यापासून हातभर उंचीपर्यंत गिलावा फुगलेला आहे, म्हणजे ओल आजही आत येते. त्यामुळे आधी गटार खणतो आणि दार दिवाळीनंतर फोडतो. तोवर आईसाठी खालच्या पाखाडीला कठडा बसवतो. त्याची उंची किती ठेवावी?

परसदार:
आईंना पायरीवर उभे करून, कोपर किंचित वाकवून हात जिथे टेकेल ती उंची मोजा. साधारण तीन फूट येईल.