भाड्यानं द्यायला फ्लॅट घ्यायचाय: संभाजीनगर का लातूर?

सेलूकर गुरुजी
रामराम मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मे अखेर निवृत्त झालो. फंड, ग्रॅच्युइटी धरून 40 लाखांच्या आसपास हातात आले. शेत घ्यावं तर पोरगं पुण्यात, करायचं कुणी? म्हणून एक टू बीएचके घेऊन भाड्यानं द्यावा म्हणतो. महिन्याला दहा हजार आले तरी आमचा किराणा अन् गोळ्या-औषधं निघतील.

परवा संभाजीनगरला जाऊन आलो. एजंटानं बीड बायपासकडचे चार फ्लॅट दाखवले, भाव 32 लाखांच्या पुढं-मागं. दर गॅलरीत उभं राहून एकच वाक्य, "सर, टोयोटा येतेय." कारखान्याचा करार जुलै 2024 मध्ये झाला हे मीही पेपरात वाचलं. पण कारखान्याची जागा बिडकीनकडं; तिथला कामगार रोज इकडं कामून झोपायला येईल, हे काही त्यानं सांगितलं नाही.

हिचं म्हणणं लातूर. भाची मेडिकलच्या नीट परीक्षेच्या तयारीला तिथं दोन वर्षं होती. एका खोलीत तिघी, अन् भाडं माणशी.

कुठं बघू?

वाळूजवाला
गुरुजी, टू बीएचकेच्या नादी लागू नका. वाळूज एमआयडीसीजवळ बजाजनगरात माझ्या दोन वन आरके (एक खोली अन् स्वयंपाकघर) आहेत. कंपनीतला एक पोरगा गेला की चार दिवसांत त्याच्याच लाइनवरचा दुसरा येतो. टू बीएचकेला कुटुंब लागतं, अन् कुटुंब शाळा बघतं, पाणी बघतं, मग "विचार करून सांगतो" म्हणतं. फक्त गुंठेवारीतलं, म्हणजे मंजुरीविना तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरचं, स्वस्त म्हणून घेऊ नका. नियमित झाल्याचा कागद बघा, नाहीतर पुढं बँक गिऱ्हाइकाला कर्ज देत नाही.

लातूरची ताई
गुरुजी, ट्यूशन एरियात माझा फ्लॅट आहे, म्हणून दोन शब्द जास्त लिहिते.

पोरींचं भाडं माणशी मिळतं हे खरं. पण नीटची परीक्षा झाली की मे महिन्यात फ्लॅट रिकामा, नवीन बॅच बसेपर्यंत कुलूप. वर्षाचे दहा महिनेच धरा. दरसाली रंग, गिझर, तुटलेली कडी. एकदा तर बेसिनमधून केसांचा गुंता काढायला प्लंबरनं दिवस घातला. शिवाय आई-बापाचे फोन आपल्याला: "मावशी, ती जेवली का?" मी मालकीण कमी अन् रेक्टर जास्त. तुम्हाला सेलूहून हे जमणार नाही.

आणि पाणी. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्यांना आठवतंय. माझे भाडेकरू त्याआधीच सामान बांधून गावी गेले होते. तेव्हापासून मी फ्लॅट बघायला गेले की आधी वॉचमनला गाठते. बोअर उन्हाळ्यात कुठवर चालतं, टँकर महिन्याला किती, त्याचे पैसे कोण देतं? सोसायटीचं टँकरचं रजिस्टर मागून बघा. हॉलच्या टाइल्स नंतर बघितल्या तरी चालतं.

कागदातलं थोडं: भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला वापरता येते असा महापालिकेचा दाखला, नसेल तर उठून या. वहिनींच्या नावावर घेतलात तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी. भाड्यानं देताना 11 महिन्यांचा करार नोंदवायचाच, ओळखीचा असला तरी. मालक राहत नाही म्हणून सोसायटी जादा आकार लावते, तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर लावता येत नाही.

परभणीचा हिशोबनीस
मी रुक्ष बोलतो, राग मानू नका.

फ्लॅट 32 लाख, काकूंच्या नावावर मुद्रांक 5 टक्क्यांनी 1.60 लाख, नोंदणी 30 हजार. झाले 33.90 लाख. भाडं दहा हजार, एक महिना रिकामा धरला तर वर्षाचे 1.10 लाख. मेंटेनन्स महिना 1,200 अन् घरपट्टी 6 हजार धरली, की उरतात 89,600. म्हणजे शेकडा 2.6.

पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना सध्या 8.2 टक्के देते. कमाल 30 लाख, त्याचे तिमाहीला 61,500. व्याजावर कर आहे, अन् भाड्याला दुरुस्तीपोटी 30 टक्के वजावट मिळते, हे कबूल. फ्लॅटचा भाव वाढतो हेही कबूल, पण तो विकल्यावर दिसतो. किराणा दर महिन्याला लागतो.

सेलूकर गुरुजी
सगळ्यांचे आभार. ताईंनी सांगितलं तसं परत जाऊन वॉचमनला चहा पाजला. एजंट म्हणाला होता बोअर बारमाही. वॉचमन म्हणाला, "सर, फेब्रुवारीपासून टँकर." जिन्यात एक भाडेकरू बाई भेटल्या. त्यांचं भाडं साडेआठ हजार, अन् एजंट मला बारा सांगत होता.

हिला हिशोब वाचून दाखवला. म्हणाली, "पोस्टात टाका, पण थोडं तरी विटा-मातीत असू द्या." वाळूजवाले भाऊ, उरलेल्या दहा लाखांत एखादी वन आरके बसते का? रविवारी येतो. वॉचमनचा चहा माझ्याकडं.