प्रतिसाद: सेलर यांना विसरू नका

वर चर्चा चाललीय की वकिली सोडून अमेरिकी काँग्रेसमध्ये दशकानुदशकं टिकलेले लोक नेमकं करतात काय. इमॅन्युएल सेलर यांचं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून ही भर.

ब्रुकलिनचे वकील, कोलंबियात शिकलेले. 1923 ते 1973, म्हणजे सलग पन्नास वर्षं प्रतिनिधीगृहात. 1924 च्या कायद्याने अमेरिकेत स्थायिक व्हायला येणाऱ्यांचे देशनिहाय कोटे घट्ट केले, तेव्हा हे नवखे गृहस्थ विरोधात उभे राहिले. हरलेच. पण 1946 मध्ये रिपब्लिकन क्लेअर बूथ लूस यांच्यासोबत भारतीयांना नागरिकत्वाची वाट मोकळी केली. भारतातून येणाऱ्यांचा कोटा मात्र वर्षाला जेमतेम शंभर जणांचा! 1965 मध्ये देशनिहाय कोटेच मोडीत निघाले, त्या कायद्यावरही सेलर यांचं नाव आहे. सत्तरच्या दशकात पुण्या-मुंबईहून जे डॉक्टर-इंजिनियर तिकडे गेले, ते याच दारातून.

सगळंच गोड नव्हतं. स्त्रियांच्या समान हक्कांची घटनादुरुस्ती त्यांनी न्यायविषयक समितीत वर्षानुवर्षं अडवून धरली. अखेर 1972 मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांना पाडलं एलिझाबेथ होल्टझमन या तिशीतल्या वकीलबाईंनी. त्याच बाई पुढे 1974 मध्ये, त्याच समितीत, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावरच्या महाभियोगाच्या सुनावणीला बसल्या होत्या.