मुचाचितास ही जुनी मेक्सिकन सिरीयल कोणी बघितलीये का? तीन-चार प्रश्न आहेत

कैरीची_फोड
नमस्कार मंडळी. मी पुण्यात स्पॅनिश शिकतेय, बी१ म्हणजे मधली पातळी चालूये, आणि बाईंनी सांगितलं की नुसती पुस्तकं वाचून कान तयार होत नाही, एखादी तेलेनोवेला, म्हणजे तिकडची टीव्ही सिरीयल, लावा आणि रोज बघा. शोधता शोधता मुचाचितास हाती लागली, १९९१ ची, टेलेविसा या मेक्सिकन टीव्ही कंपनीची. वेगवेगळ्या थरातल्या चार मुली, लेतिसिया, मोनिका, एलेना आणि इसाबेल, कलेच्या एका अकादमीत भेटतात, मैत्रिणी होतात आणि नाच-गाणं-अभिनय यात नाव काढायचं म्हणून धडपडतात. केस, खांदे फुगवलेले ड्रेस, पार्श्वसंगीत सगळं अगदी नव्वदीचं. मी भाषेसाठी लावली होती आणि आता रात्री दीडपर्यंत जागतेय ते भाषेसाठी नाही हे मलाही कळतंय.
गंमत म्हणजे आईला स्पॅनिशचं ओ की ठो कळत नाही, तरी ती पोळ्या लाटता लाटता मागून बघते आणि मला सांगते की हा माणूस खोटं बोलतोय बघ. आणि तो खोटंच बोलत असतो.
तर प्रश्न. एक, इतकी जुनी सिरीयल बघून शिकलेली स्पॅनिश आज चालेल का. दोन, अशी अकादमी खरंच असते का तिकडे की आपलं सिरीयलपुरतं. तीन, बरेच नट वाक्य बोलायच्या आधी एक क्षण कुठेतरी बघतात आणि मग बोलतात, ते काय आहे, अभिनयाची पद्धत आहे का. आणि या चौघींचं खऱ्या आयुष्यात पुढे काय झालं ते कोणाला माहीत असेल तर सांगा, सिरीयलचा शेवट मात्र फोडू नका प्लीज, हात जोडते.

टोणगा_२२
मेक्सिकन सिरीयल म्हणजे ती जस्सी ज्याच्यावरून काढली तीच ना? चष्मेवाली?

मधल्या_वाडीतला
नाही रे टोणग्या. जस्सी जैसी कोई नहीं ज्याच्यावरून आली ती बेट्टी कोलंबियाची, १९९९ ची. मेक्सिकोने तिची आपली आवृत्ती २००६ मध्ये काढली. स्पॅनिश बोलणारे सगळे मेक्सिकन नसतात, जसे साऊथचे सगळे मद्रासी नसतात.

ग्वादालाहारातला_वडा
ताई, मी कामानिमित्त तीन वर्षं ग्वादालाहारात आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाला मी हात घालतो.
चालेल, अगदी बिनधास्त चालेल. उलट जुनी तेलेनोवेला बरी कारण लोक स्पष्ट आणि पूर्ण वाक्यात बोलतात, आजची तरुण पोरं जे तोंडातल्या तोंडात बोलतात ते मला अजून निम्मं कळत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, तुमच्या पुस्तकात स्पेनचं वोसोत्रोस (तुम्ही सगळे) शिकवत असतील तर ते इथे विसरायचं, इथे अनेकांना उस्तेदेसच. आणि तू-तुम्हीचा जो खेळ आहे, तू आणि उस्तेद, तो आपल्याला जन्मतःच येतो, इंग्रजीवाल्यांना नाही. कामवाली मालकिणीला काय म्हणते, मुलगी मैत्रिणीच्या वडलांना काय म्हणते, दोघांचं जमायला लागलं की कुठल्या सीनला उस्तेदवरून तू वर गाडी येते, हे टिपत बसा, व्याकरणाचे चार धडे वाचतील.
दुसरं म्हणजे छोटं करायची सवय. मुचाचा म्हणजे मुलगी आणि मुचाचिता म्हणजे लाडातली पोर, नावातच आहे. पण इथे प्रत्येक गोष्टीला ती शेपटी लावतात. आओरा म्हणजे आत्ता, आणि आओरिता म्हणजे... काय सांगू. पहिल्या महिन्यात नळवाला म्हणाला आओरिता येतो, मी अर्धा दिवस घरात बसून. मग ट्यूब पेटली की हे आपलं "हा काय निघालोच" आहे, म्हणजे माणूस अजून टॉवेलवर आहे.
अजून एक, केव्हातरी के पाद्रे ऐकाल. पाद्रे म्हणजे वडील, पण के पाद्रे म्हणजे किती भारी. ऑफिसातले लोक मला हे समजावून सांगायला निघाले, म्हटलं राहू द्या, आमच्याकडे पण चांगलं काम केलं की "बाप काम केलंस" म्हणतात. तेव्हापासून एका कलीगला मी "बाप" शिकवलंय आणि तो मीटिंगमध्ये वापरतो.
आणि हो, मुचाचितास मी पाहिलेली नाही, पण आमच्या घरमालकीणबाईंना नाव सांगितलं तर चौघींची नावं धडाधड म्हणून दाखवली, वर भाड्याचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. रोज एक एपिसोड बघून त्यांना सांगायला जावं म्हणतो.

सेटवरची_मुंगी
तिसरा प्रश्न माझा, कारण मी मराठी सिरीयलला असिस्टंट आहे आणि हे बघून मीही चक्रावले होते.
ते कानात असतं. टेलेविसाच्या सिरीयलींमध्ये नटाच्या कानात बारीक यंत्र घालायची पद्धत फार जुनी आहे, त्याला ते आपुंतादोर म्हणतात. बाजूला किंवा वर केबिनमध्ये एक माणूस स्क्रिप्ट घेऊन बसतो आणि वाक्यं वाचत जातो, नट ऐकतो आणि बोलतो. कधीकधी हालचाल पण कानातच सांगतात, वळ, दाराकडे जा. म्हणजे नाटकातला आपला प्रॉम्प्टर, फक्त विंगेतून कानात गेलेला. तुम्हाला जो एक क्षण दिसतो तो बऱ्याचदा ऐकण्याचा क्षण आहे. चांगले नट तो क्षण विचार केल्यासारखा वापरतात, बाकीच्यांचा चेहरा रस्ता विचारणाऱ्या माणसासारखा होतो.
आमच्याकडे हे नाही. आमच्याकडे सीन सेटवर येतो तेव्हा कागद अजून गरम असतो, आर्टिस्ट मेकअपच्या खुर्चीत पाठ करतो, दोन तीन रीडिंग आणि टेक. बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले एपिसोड, संपलेली असली की तर विचारूच नका, आज शूट उद्या टेलिकास्ट. मला खरं सांगायचं तर ते कानातलं यंत्र आमच्या एका सिनियर आर्टिस्टसाठी मी स्वतःच्या पैशाने विकत आणलं असतं, नाव अर्थात सांगणार नाही.
पण मला त्यांचा हेवा वेगळ्या गोष्टीचा वाटतो. त्यांची गोष्ट संपते. तेलेनोवेला म्हणजे सुरुवात, मध्य, शेवट, साधारण सहा महिने ते वर्षभर, आणि मग ग्रान फिनाल, सगळा देश टीव्हीसमोर. लोकप्रिय झाली तर ताणतात, नाही असं नाही, पण शेवट आहे हे लेखकाला पहिल्यापासून माहीत असतं. आमच्याकडे हिरोईनचं करिअर करायचं स्वप्न पहिल्या महिन्यात असतं, तिसऱ्या महिन्यात लग्न लागतं, आणि मग ती स्वप्नाऐवजी सासूला सिद्ध करत बसते चार वर्षं. लेखिका बिचारी काय करेल, टीआरपी लग्नाला येतो. ते असो, माझी सुट्टीची दुपार आहे, रडत नाही.

जुना_अँटेना
मुलांनो, तुम्ही सगळे जुन्या अँटेनाच्या नंतरचे दिसता म्हणून सांगतो. मेक्सिकोच्या सिरीयलींशी आपलं नातं जस्सीच्या फार आधीचं आहे.
मिगेल साबिदो नावाचा टेलेविसातला माणूस, त्याने १९७५ मध्ये वेन कोनमीगो काढली, प्रौढ साक्षरतेवर. गोष्ट नेहमीसारखी, रडारड प्रेमबिम सगळं, पण पात्रं शिकायला जातात, आणि बघणारे लाखो लोक खरंच साक्षरता वर्गात नाव घालायला गेले. मग कुटुंबनियोजनावर पण एक काढली. हे गणित आपल्या सरकारच्या कानावर गेलं. १९८२ मध्ये आपले वसंत साठे, वर्ध्याचे खासदार, तेव्हा माहिती नभोवाणी मंत्री, मेक्सिकोला जाऊन आले आणि तिथून जे बी आलं त्याचं हम लोग झालं, १९८४, लेखक मनोहर श्याम जोशी. कुटुंबनियोजनाचा डोस सुरुवातीला जास्त झाला म्हणून लोक कंटाळले, मग तो कमी करून गोष्ट वाढवली आणि गल्ल्या ओस पडायला लागल्या. शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द सांगायचे.
आणि या धाग्याशी संबंध काय, तर मझली. हम लोगमधली मधली बहीण, तिला सिनेमात हिरोईन व्हायचं असतं. आमच्या चाळीत तिच्यावरून काय वाद व्हायचे! माझी आई म्हणायची बघा कशी वाया चालली, आणि माझी धाकटी बहीण, जी तेव्हा कथकला जायची, ती गप्प बसून सगळं बघायची, एक अक्षर बोलायची नाही. साबिदोच्या हिशेबात प्रेक्षकाने चांगल्याचं अनुकरण करायचं असतं आणि डळमळणाऱ्या पात्राकडून धडा घ्यायचा असतो. पण बहिणीने धडा घेतला तो उलटाच, १९८८ ला तिने बँकेची परीक्षा न देता नाचाचा क्लास काढला. क्लास अजून चालू आहे.

सातवी_अ_बाक_तिसरा
कैरी, तुझ्या दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नासाठी मी जेवण सोडून आलेय.
अकादमी खरी असते. टेलेविसाचीच नटांची शाळा आहे मेक्सिको सिटीत, सेआ म्हणतात, सेन्त्रो दे एदुकासिओन आर्तिस्तिका. तिथून तयार झालेली पोरं थेट त्याच कंपनीच्या सिरीयलीत. रेबेल्दे या मेक्सिकन सिरीयलमधली लुपिता म्हणजे माइते पेरोनी, ती तिथलीच. म्हणजे तू जी सिरीयल बघतेस ती गोष्ट पण आहे आणि एका परीने जाहिरात पण, या पोरींनो, अकादमीत या, स्टार व्हा.
चौघींमधली लेतिसिया म्हणजे केट देल कास्तियो, सगळ्यात पुढे गेली ती हीच. वडील एरिक देल कास्तियो आधीपासून नामांकित नट, त्यामुळे पडद्यावरची धडपड आणि घरातली ओळख या दोन वेगळ्या गोष्टी. २०११ मध्ये तिने ला रेइना देल सूर केली, अमेरिकेतल्या तेलेमुंदोवर, ड्रगच्या धंद्यात वर चढणारी बाई, आणि ती तुफान चालली. आणि मग २०१५ च्या ऑक्टोबरात ही बया हॉलिवूडच्या शॉन पेनला घेऊन फरार ड्रगमाफिया एल चापोला भेटायला गेली, खऱ्याखुऱ्या, त्याच्या आयुष्यावर सिनेमा काढायचा म्हणून. पुढे चौकशीचं शुक्लकाष्ठ मागे लागलं. सिरीयलीच्या लेखकाने हे लिहिलं असतं तर चॅनलने अतिशयोक्ती म्हणून कापलं असतं. एलेना झालेली तियारे स्कांदा पण कसदार नटी आहे, पुढेही काम करत राहिली. उरलेल्या दोघी सेसिलिया तिहेरिना आणि एम्मा लाउरा. २००७ मध्ये त्याच निर्मात्याने, एमिलिओ लारोसाने, मुचाचितास कोमो तू म्हणून नवीन चार मुली घेऊन परत केली. मी दोन्ही बघितल्यात, पहिलीच बघ.
पण तुला हा विषय आवडत असेल तर आल्कान्सार उना एस्त्रेया चुकवू नकोस, १९९०. लाजरी चष्मेवाली मुलगी, गाणाऱ्या स्टारवर जीव. १९९१ मध्ये दुसरा भाग आला, त्यात पोरापोरींचा एक बँड बनतो, आणि बँडमध्ये कोण तर कोवळा रिकी मार्टिन! त्यातलीच आन्हेलिका रिवेरा पुढे राष्ट्राध्यक्षाची बायको झाली, २०१२ ते २०१८ मेक्सिकोची फर्स्ट लेडी. आणि रेबेल्देमधली आनाई चियापासच्या गव्हर्नरची, म्हणजे आपल्या हिशेबात मुख्यमंत्र्याची.
आता जे लिहितेय ते मात्र गमतीचं नाही. त्या दुसऱ्या भागात साशा सोकोल पण होती. ती लहानपणीच तिंबिरिचे या मुलांच्या बँडमध्ये आलेली, १९८२ मध्ये. २०२२ च्या महिला दिनी तिने जाहीर सांगितलं की ती १४ वर्षांची असताना ३९ वर्षांच्या लुइस दे यानोने तिच्याशी संबंध ठेवले. दे यानो म्हणजे आल्कान्सारचाच निर्माता. ती कोर्टात गेली आणि निकाल तिच्या बाजूने लागला. हे कळल्यावर मी ती सिरीयल परत लावली आणि तीच गाणी, तेच हसणं, पण मला वीस मिनिटांच्या पुढे बघवेना. ज्या मुली स्टार व्हायचं स्वप्न बघणाऱ्या मुलींची कामं करत होत्या त्यांच्या आजूबाजूला खरे मोठे लोक कोण होते, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. मुचाचितासच्या लोकांबद्दल मी काही म्हणत नाहीये, गैरसमज नको.

सेटवरची_मुंगी
@सातवी_अ धन्यवाद हे लिहिल्याबद्दल. आमच्याकडे बालकलाकाराबरोबर आई किंवा बाबा सेटवर असतात, पण सतरा अठराच्या, नुकत्याच गावाहून आलेल्या मुलीबरोबर कोणी नसतं. ती पीजीत राहते आणि पॅकअप रात्री दहाला. मी शक्यतो प्रॉडक्शनच्या गाडीत तिच्याबरोबर बसते, माझं घर उलट्या दिशेला असलं तरी.

टोणगा_२२
रेबेल्दे वरून आपल्याकडे पण एक आलेली ना, रिमिक्स, स्टार वनवर? यावेळी तरी बरोबर आहे का मी

मधल्या_वाडीतला
अर्धा बरोबर. रिमिक्स २००४ ची, पण मूळ अर्जेंटिनाचं रेबेल्दे वे. मेक्सिकोच्या रेबेल्देचं मूळही तेच, म्हणजे दोघी चुलत बहिणी. प्रगती आहे, पुढच्या धाग्यात पूर्ण मार्क देऊ.

कैरीची_फोड
बाप रे, के पाद्रे सगळ्यांनी! (बरोबर वापरलं ना वडादादा?)
@मुंगीताई कानातलं वाचून मी काल परत तिसरा एपिसोड लावला आणि आता मला दुसरं काही दिसतच नाही, सगळ्यांच्या कानांकडे बघत बसले, गोष्ट गेली खड्ड्यात. बहुतेकींचे केस मात्र कानांवरूनच सोडलेत.
@अँटेनाकाका तुमच्या बहिणीचा क्लास पुण्यात असेल तर सांगा, मी नाही, पण भाचीला घालायचंय.
@सातवी_अ तुझी शेवटची गोष्ट मी आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली तो चष्मेवालीचा नको लावूस, हा चौघींचाच राहू दे. आज रात्री पुढचा एपिसोड. आई म्हणाली आलेच, दूध गरम करून. आओरिता.