पंचाचं पोट सुटलंय म्हणून निकाल चुकतो का?

लालमाती_सोलापूर
परवा एका गावच्या यात्रेत कुस्त्या बघितल्या. पंच साठीच्या पुढचे. खालच्याचे खांदे टेकले का, हे बघायला पंचाने मातीला गाल लावायचा असतो. हे गुडघ्यांवर हात ठेवून उभ्यानेच वाकले. दिसलं काय? वरच्याची पाठ! पब्लिक ओरडलं, यांनी शिट्टी फुंकली. फुटबॉलची फिफा पंचांना आधी ४० मीटर सहा वेळा पळवते, मग ७५ मीटर पळ, २५ मीटर चाल, असं ४० वेळा. नापास झाला की घरी. आपल्याकडे निदान उठाबशा तरी काढायला लावा.

जुना_वस्ताद
काय बे, फुटबॉलचं माप आखाड्याला? तिथे पंच सामन्यात दहा-बारा किलोमीटर पळतो, इथे चार पावलं. जानेवारी २०२३ ची महाराष्ट्र केसरी आठव. महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख, दोघंही आपल्याच जिल्ह्याचे. बाहेरील टांग या डावाला चार गुण दिले आणि राज्यभर वाद पेटला. पंचाला फोनवर धमकावल्याचा आरोपही झाला. तिथे दम लागला होता का कुणाला? २०२५ ला अहिल्यानगरात तर हरलेल्या पैलवानाने पंचाला लाथच घातली. पंचाला छाती लागते, पिंडऱ्या नव्हे.

कबड्डीची_ताई
वस्ताद, पिंडऱ्या थकल्या की छातीही बसते. मी पंच आहे. मे महिन्यात, सोलापूरच्या उन्हात, दिवसाला सहा सामने केलेत. बोनस गुणासाठी चढाई करणाऱ्याचा एक पाय रेषेपलीकडे टेकताना मागचा पाय हवेत हवा. पाचव्या सामन्यात तो पाय मला दिसतच नाही, अंदाजाने हात वर जातो. चूक लगेच कळते, आणि खरी परीक्षा तिथून पुढे. पुढच्या चढाईत समोरच्या संघाला उगाच एक गुण देऊन फिटंफाट करायचा मोह होतो. एकदा दिलाही. झोप लागली नाही.

जुना_वस्ताद
हे मान्य. पण दिवसाला सहा सामने लावतो कोण? आयोजकच ना! दोन पंच जास्त बोलवा की.

लालमाती_सोलापूर
बोलावले तरी येतील का? ताई, मानधन किती मिळतं?

कबड्डीची_ताई
मागच्या वेळी एसटीचं भाडं, टॉवेल आणि नारळ.