दाणापाणी घरचं, पण दारात रांग

कुणीतरी म्हटलंय की युद्धात खेड्यातल्यांचं बरं असतं, घरचं दाणापाणी असतं. अर्धंच खरं आहे हे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असलेल्या हॉलंडचा १९४४-४५ चा हिवाळा घ्या. सप्टेंबरात रेल्वे कामगारांचा संप झाला, जर्मनांनी चिडून पश्चिमेकडची अन्नवाहतूक रोखली आणि ती बंदी सैल होईतो कालवे गोठायला लागले. सुमारे २०,००० माणसं दगावली, बहुतेक शहरांतली.

पण ती भूक शेवटी शेतकऱ्याच्या दारात येऊन उभी राहायची. ॲमस्टरडॅमकडून बायका टायर नसलेल्या सायकली ढकलत यायच्या. चादरी, चांदीचे चमचे, कधी लग्नाची अंगठी देऊन बटाटे न्यायच्या. काही शेतकऱ्यांनी अडवून भाव घेतला, नाही असं नाही. पण रोज किती जणांना देणार? धान्याचा, दुधाचा ठरलेला वाटा सरकारकडे जमा करायचाच. शिवाय जर्मनांची सक्तमजुरी चुकवणारी तरुण पोरं माळ्यावर गवतात लपलेली. उत्तरेला फ्रीसलँडकडे तर चर्चने पाठवलेली शहरातली मुलंही घराघरांत. म्हणजे भांडं मोठं झालं, जळण मात्र तेवढंच. मला त्या घरच्या बाईचं नवल वाटतं!

आणि त्या हिवाळ्यात लोक ट्यूलिपचे कंद कसे खायचे, असं कुणी विचारलं होतं ना: कंद चिरून मधला पिवळा कोंब काढून टाकायचा, तो बाधतो, मग उकडायचे. पण हा मुख्यतः शहरातला नाइलाज. शेतावर निदान बटाटा होता.