युरोपात तीन फायनल आणि वर्ल्ड कपला संघच नाही, इटलीचा २०२२-२३ चा फुटबॉल सीझन समजून सांगा

लिबेरो_६
गेले काही दिवस मी इटलीचा २०२२-२३ चा सीझन पहिल्यापासून परत बघतोय, हायलाइट्स आणि मिळतील तेवढ्या पूर्ण मॅचेस, आणि एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाहीये. चॅम्पियन्स लीगच्या फायनलला इंटर, युरोपा लीगच्या फायनलला रोमा, कॉन्फरन्स लीगच्या फायनलला फिओरेंटिना. चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या आठात तर इंटर, मिलान आणि नापोली असे तिघं. आणि याच सीझनच्या मधोमध कतारचा वर्ल्ड कप, ज्यात इटली नाही, तेही सलग दुसऱ्यांदा. त्यासाठी इटलीची लीग, म्हणजे सेरी आ, १३ नोव्हेंबरला थांबली ती थेट ४ जानेवारीला परत सुरू झाली. २० नोव्हेंबरला कतारमध्ये पहिली मॅच झाली ना, त्याच दिवशी इटली व्हिएन्नात ऑस्ट्रियाशी फ्रेंडली खेळत होती आणि २-० ने हरली. ते बघताना खरंच वाईट वाटलं हो, जुलै २०२१ मध्ये युरो जिंकलेली टीम आहे ही.
तर प्रश्न असा की क्लब एवढे जोरात असताना राष्ट्रीय संघाची ही अवस्था कशी? क्लबमध्ये सगळे परदेशी खेळाडू भरलेत म्हणून, असं उत्तर सगळीकडे मिळतं. एवढंच आहे का?

वेसुव्हियो_९०
नापोलीच्या बाजूने बोलतो, कारण तो सीझन आमचा होता. ३३ वर्षांनी स्कुदेत्तो, म्हणजे लीगचं विजेतेपद, ९० पॉइंट, दुसऱ्या नंबरची लाझिओ ७४ वर. ४ मे ला उदिनेमध्ये १-१ झाली आणि पाच मॅचेस बाकी असताना लीग खिशात. ओसिमेनचे २६ गोल, क्वारात्स्खेलिया डावीकडून कुणालाच आवरत नव्हता, आणि सीझनच्या आधी कुलिबाली, इन्सिन्ये, मेर्टेन्स असे सगळे मोठे गेल्यावर लोक आमचा कोच स्पालेत्तीची काळजी करत होते हे विसरू नका.
पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला आमच्याच इटालियन स्ट्रायकर रास्पाडोरीत दिसतं. सप्टेंबर २०२२ मध्ये सान सीरोवर इंग्लंडला १-० हरवलं तो गोल त्याचा, तीन दिवसांनी बुडापेस्टला हंगेरीविरुद्धही गोल केला, इटली नेशन्स लीगच्या ग्रुपमध्ये पहिली आली. म्हणजे राष्ट्रीय संघाचा नंबर नऊ, मुख्य स्ट्रायकर. आणि नापोलीत? ओसिमेन फिट असला की हा बाकावर. २३ एप्रिलला तुरिनमध्ये युव्हेंटसविरुद्ध शेवटी उतरला, ९३व्या मिनिटाला एल्मासचा क्रॉस लांबच्या पोस्टला आला, याने डाव्या पायाने हवेतच मारला आणि बॉल त्यांचा गोलकीपर श्चेस्नीच्या पायांमधून आत. मी ओरडून घर उठवलं होतं. एवढा चांगला फिनिशर, पण दर रविवारी नव्वद मिनिटं खेळायला मिळालीच नाहीत. यात स्पालेत्तीची चूक नाही, ओसिमेनला बाहेर कोण बसवेल?

निळाकाळा
स्ट्रायकरचं पटलं. पण "क्लबमध्ये इटालियन नाहीतच" हे चुकीचं आहे. इस्तंबूलच्या फायनलला इंटरची सुरुवातीची टीम काढून बघा. दार्मियान, आचेर्बी, बास्तोनी, बारेल्ला, दिमार्को. अकरात पाच, आणि मागचे तिघंच्या तिघं इटालियन. समोर मँचेस्टर सिटी होती आणि या लोकांनी हालांडला फारसं काही करू दिलं नाही.
रॉद्रीने ६८व्या मिनिटाला गोल केला, त्यानंतर दोनच मिनिटांत दिमार्कोचं ते हेडर. बॉल उंच गेला, गोलकीपरच्या डोक्यावरून, सगळे नुसते बघत उभे, आणि क्रॉसबारला लागून परत त्याच्याच डोक्यावर आला. त्याने परत हेडर मारला तर मधे लुकाकूचा पाय! आपल्याच माणसाचा! नंतर लुकाकूचं जवळून मारलेलं हेडर एडरसनने अडवलं. मी ती दोन मिनिटं किती वेळा बघितली असतील देव जाणे, अजून पोटात कालवतं.
म्हणजे बॅक आणि मिडफिल्डर इटली अजून तयार करते. गोल कोण करतो ते बघा, लाऊतारो अर्जेंटिनाचा, जेको बोस्नियाचा, लुकाकू बेल्जियमचा. रोमाने सेव्हियाविरुद्ध बुडापेस्टला पहिला गोल केला तोही अर्जेंटिनाच्या दिबालाचा. आणि आपला इटालियन स्ट्रायकर इम्मोबिले, जो आदल्या वर्षी लीगमध्ये २७ गोल करून टॉप स्कोरर होता, तो दुखापतींमध्ये १२ वर अडकला. म्हणून तर तेव्हाचा राष्ट्रीय कोच मान्चिनीला मार्च २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या तिग्रे क्लबमधून रेतेगीला आणावं लागलं. त्या पोराने पदार्पणातच नापोलीत इंग्लंडला गोल मारला, कौतुकच आहे, पण मॅच २-१ हरलोच.

ताळेबंद
यात पैशाचा भाग कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. २०१९ पासून इटलीत बाहेरून येणाऱ्यांसाठी करसवलत होती, देक्रेतो क्रेशिता म्हणतात, त्यात परदेशातून आलेल्या खेळाडूच्या अर्ध्या उत्पन्नावर कर लागत नसे. आता तिकडे खेळाडू पगार ठरवतो तो हातात पडणारा, कर क्लबने भरायचा. म्हणजे दोघांना हातात सारखेच पैसे द्यायचे असतील तर बाहेरचा खेळाडू क्लबला बराच स्वस्त पडायचा आणि एम्पोली किंवा सास्सुओलोसारख्या छोट्या क्लबचा इटालियन पोरगा महाग. कर्जात बुडालेला क्लब काय करणार? २०२३ संपताना फुटबॉलसाठी ही सवलत बंद झाली. पण क्लब युरोपात पुढे गेले त्यात या सवलतीचाही हात होता असं माझं मत, त्यामुळे तीन फायनल आणि रास्पाडोरीचा बाक या एकाच हिशोबाच्या दोन बाजू आहेत.

लिबेरो_६
हे करसवलतीचं माहीतच नव्हतं, धन्यवाद. पण मग पालेर्मोचं काय? २४ मार्च २०२२, वर्ल्ड कप पात्रतेच्या प्लेऑफमध्ये नॉर्थ मॅसेडोनियाविरुद्ध ३२ शॉट मारले, एक आत जाईना, आणि ९२व्या मिनिटाला त्राय्कोव्स्कीने लांबून मारला तो गेला. त्याआधी ग्रुपमध्ये स्वित्झर्लंडविरुद्धच्या दोन्ही मॅचेसमध्ये जॉर्जिन्योची पेनल्टी वाया गेली. एक आत गेली असती तर प्लेऑफ खेळावाच लागला नसता. हे पण नंबर नऊच्याच खात्यात टाकायचं?

प्रिमावेरा_बघणारा
पेनल्टीला कुणी काही करू शकत नाही, ते सोडा. पण ३२ शॉटमध्ये एकही नाही हे तेच दुखणं आहे.
मी चौथी फायनल सांगतो, जी कुणी मोजत नाही. रोमा ३१ मे, फिओरेंटिना ७ जूनला प्रागमध्ये (९०व्या मिनिटाला वेस्ट हॅमच्या बोवेनचा गोल, आणि बिरागीचं डोकं स्टँडमधून फेकलेल्या वस्तूने फुटलेलं), इंटर १० जून, आणि ११ जूनला अर्जेंटिनात अंडर-२० वर्ल्ड कपची फायनल, इटली उरुग्वेकडून १-० हरली. बारा दिवसांत चार. त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू आणि टॉप स्कोरर दोन्ही कासादेई, मिडफिल्डर असून सात गोल. तो इंटरच्या अकादमीतला, पण इंटरने २०२२ च्या उन्हाळ्यातच चेल्सीला विकला होता, सीझनचा दुसरा अर्धा भाग काढला इंग्लंडच्याच रीडिंग क्लबमध्ये लोनवर. सेमीफायनलला कोरियाविरुद्ध ८६व्या मिनिटाला फ्री किकवर पाफुंदीने मॅच जिंकून दिली, उदिनेझे क्लबचा, १७ वर्षांचा. मान्चिनीने त्याला नोव्हेंबरमध्येच सीनियर संघात खेळवलं होतं, १६व्या वर्षी, आणि तेव्हा सेरी आ मध्ये त्याच्या नावावर जेमतेम काही मिनिटं होती.
ती फ्री किक शोधून बघा. आणि मग त्याच्या क्लबने पुढच्या सीझनला त्याला किती खेळवलं तेही बघा.